वाळल्या बाभळीचं खोड

॥ श्री ॥
तांडा, ढाणकीजवळ
८ जानेवारी २०२४

चि. लखनले देवीलालचे अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाही, म्हणून पत्र. याडीचे गुडघे दुखतात, बाकी माय बरी आहे. तूर सोंगून झाली. तुही वहिनी विचारते, पुण्यात भाकर भेटते का नुसता पावच खाऊन राह्यला.

आता मुद्द्याचं. आपल्या जावयाचा, उज्ज्वलाच्या शामरावांचा, डाव्या हाताचा अंगठा गेला. तुह्या व्हिडिओतला तो जंगलात वापरायचा मोठा सुरा त्यायनं मागवला होता. डिसेंबरात चुलीसाठी वाळल्या बाभळीचं खोड तोडाले बसले. तिसऱ्या घावाले सुरा सटकला अन् खोड धरलेल्या हातावर आला. आठ दिवस यवतमाळले दवाखान्यात होते. तेव्हापासून शिलाईचं दुकान बंद आहे. मशीनवर कापड धराले अंगठा लागते.

लखन, दिवाळीत तू ज्या खोडाचा व्हिडिओ काढला, ते आधी मी कुऱ्हाडीनं अर्ध्याच्या वर तोडलं होतं. मागच्या बाजूनं तोड, कॅमेऱ्यात दिसत नाही, हे तूच म्हटलं. मीही हासत हासत तोडलं. त्या सुऱ्यानं बोटाएवढ्या फांद्या अन् तुराट्या एका घावात जातात, ते खरं आहे. पण मांडीएवढी वाळली बाभूळ? सुरा हलका पडते, घाव आत बसत नाही, हाताले झिणझिण्या येतात. आपण दोघायनं करून पाह्यलं होतं.

व्हिडिओ काढून टाक. अन् उज्ज्वलाले तू सांगतो का मी सांगू, ते कळव. जीव आहे तुह्यावर, म्हणूनच लिहिलं.

तुझा दादा,
देवीलाल

पुणे
१७ जानेवारी २०२४

ति. दादास लखनचा साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. शामरावांचं वाचून वाईट वाटलं. पण दादा, खोड हातानं धरून कोणी तोडतं का? हातमोजे घाला, असं मी व्हिडिओत सांगितलं होतं.

तो व्हिडिओ पाहूनच सुरे विकणाऱ्यांनी मला कामावर ठेवलंय. तो काढला तर कामही जाईल. कुऱ्हाडीचं फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. उज्ज्वलाला सांगून तिच्या नवऱ्याचा अंगठा परत येणार आहे का? होळीला येईन तेव्हा त्यांना भेटेन.

लहानपणापासून तूच मला सांभाळून घेतलंस, या वेळीही घे. याडीला नमस्कार. वहिनीला सांग, भाकरीची रोज आठवण येते. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
लखन

ढाणकी
२ फेब्रुवारी २०२४

लखनभाऊले उज्ज्वलाचा नमस्कार.

काल दादा आला होता. तुझं पत्र माह्या हातात देलं अन् खाली मान घालून सगळं सांगतलं. कुऱ्हाड आपणच चालवली, हेही सांगतलं. तो दारातून गेला तरी मी त्याले पाणी विचारलं नाही.

इतके दिवस हे स्वतःलेच दोष देऊन राह्यले होते. डॉक्टरले, गिऱ्हाइकायले, सगळ्यायले सांगत, सुरा चांगला आहे, मलेच हत्यार धरता येत नाही. माह्या साळ्यानं कसं सपासप तोडलं ते पाहा. तुले कोणी नाव ठेवलं तर त्याच्यासंग भांडत. मीही त्यायले नाही नाही ते बोलली. शिंप्याले कायले पाह्यजे सुरा, म्हटलं.

दादा गेल्यावर मी त्यायले खरं काय ते सांगतलं. रागावले नाहीत. फोन मागतला अन् तुझा व्हिडिओ तीनदा पाह्यला. मग मले विचारलं, म्हणजे माहा घाव चुकला नव्हता ना? मी म्हटलं, नाही चुकला. दवाखान्यात डोळ्यातून टिपूस न काढणारा माणूस तवा लेकरासारखा रडला.

होळीले आला तर तांड्यावरच राह्य. माह्या दारात येऊ नको.

हे पत्र मी त्यायले वाचून दाखवलं. तब्येतीले जप, एवढं त्यायनं शेवटी लिहाले लावलं. माह्या मनात नव्हतं.

उज्ज्वला