न बघता केलेली खूण

१४ मार्च, शनिवार

प्रिय उस्ताद,

मी बरा आहे. तूही बरा असशील असं लिहायची पद्धत असते, पण तू बरा नाहीस हे मला ठाऊक आहे, म्हणून ते वाक्य गाळतो. चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणतो. इथे चारचौघं नाहीत. फोन तू कापतोस, मेसेज तुझी लेक वाचते, म्हणून हे पत्र तुझ्या हत्यारांच्या पेटीत पान्यांच्या खाली ठेवतोय. तिथे दुसरं कुणी हात घालत नाही.

आधी कामाचं. चार नंबरच्या लिफ्टचे ब्रेक बदलले. तुझ्या जागी दिलेला गडी गाणी म्हणत काम करतो आणि एकही सूर धड लागत नाही. वर मशीनखोलीत कोंडलेला मी, पळणार कुठे? पाचव्या मजल्यावरच्या बाई अजून विचारतात, "तुमचे ते चिडके साहेब कुठे गेले हो?" मी सांगतो, त्यांनी जोडी बदलून मागितली. का मागितली ते सांगत नाही.

मी एवढंच म्हटलं होतं की मी केली ती तपासणी तूही करून घे. दुसऱ्या दिवशी तू सुपरवायझरकडे गेलास. अठरा वर्षांची जोडी, आणि मला कळलं ते फळ्यावरची ड्यूटी वाचून.

मंगळवारी वहिनींचा फोन आला होता. घाबरू नकोस, तुझ्यामाझ्याबद्दल त्यांना काही माहीत नाही. तुझ्या एचआयव्हीच्या गोळ्या त्याच रोज तुझ्या हातावर ठेवतात, आणि तो आजार कुठल्यातरी दवाखान्यातल्या सुईतून आला असं तू सांगितलंस तेच त्या धरून आहेत. म्हणाल्या, "भावजी, हे हल्ली उभ्यानंच जेवतात. विचारलं तर म्हणतात पाठ धरलीय. परवा कपड्यांना रक्त होतं. मूळव्याधीचं मलम गुपचूप लावतात. तुमचं ऐकतात ते, तुम्ही तरी सांगा ना."

माझं ऐकतोस! फोन ठेवला आणि हातातला पाना भिंतीवर फेकला. पोपडा निघाला. घरमालकाला अजून सांगितलेलं नाही.

उस्ताद, ते मलम मीही आठ महिने लावलंय.

आठवतंय, दोघांना एचआयव्ही निघाला त्या पहिल्या वर्षी क्लिनिकमध्ये आपण दोन खुर्च्या सोडून बसलो होतो, ओळख नसल्यासारखे? फॉर्मवर प्रश्न होता, पुरुषांशी संबंध आहेत का. पेन मागायचं निमित्त करून तू वाकलास आणि म्हणालास, "'नाही'वर खूण कर. उगाच नसत्या चौकशा मागे लागतात." मी केली. सहा वर्षं करत राहिलो. त्यामुळे मला कुणी सांगितलंच नाही, की एचआयव्ही असलेल्या आपल्यासारख्या पुरुषांना गुदद्वाराच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि कॅन्सर होण्याआधीच तिथला बिघाड सापडू शकतो. डॉक्टरांनी फॉर्म पाहिला, मूळव्याध लिहिलं, मोकळे झाले. तपासून बघायची तसदी एकानंही घेतली नाही, त्यांच्यावरही माझा राग आहे. पण खोटी खूण माझ्या हातची होती.

मग एक नवी नर्स आली. तिनं फॉर्म उलटा ठेवला आणि म्हणाली, "आता खरं सांगा." मी सांगितलं. छप्पर कोसळलं नाही. तिनं रक्तदाब लिहावा तसं ते लिहून घेतलं.

मग ती तपासणी झाली. कापसाची लांब काडी आत फिरवतात, अर्धा मिनिटही लागत नाही. तूच शिकवलंस ना, लिफ्टचा दोर नुसता बघून भागत नाही, फडकं लावून सरकवायचं, तुटकी तार असेल तर ते अडकतं? माझं फडकं अडकलं. मग डॉक्टरांनी भिंगातून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता. त्याच्या अलीकडची पायरी होती. दोन वेळा बोलावून तेवढा भाग जाळून काढला. आठवडाभर बसता येत नव्हतं. पडल्या पडल्या सगळ्यांना शिव्या दिल्या, तुला जास्त.

वर न चढता कार्डावर 'सर्व ठीक' अशी सही करणारा तो मेकॅनिक आठवतो? दोन लेकरांचा बाप, पण तू त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लंस. "माणसं बसतात त्यात!" म्हणालास. तेव्हा मला तुझा इतका अभिमान वाटला होता. आणि तू स्वतः दर वर्षी काय करतोस? त्याची तर नोकरी गेली, तुला कोण जाब विचारणार?

वर मला म्हणालास, "असल्या तपासण्या तसल्या लोकांच्या असतात." तसल्या! मग माझ्या उशाशी चष्मा विसरून जाणारा कोण होता रे? तो चष्मा अजून माझ्याकडे आहे. फेकून द्यायचा होता, जमलं नाही.

रक्त येतंय म्हणजे कॅन्सरच, असं मी म्हणत नाही. मूळव्याधही असेल. पण बघितल्याशिवाय ते तुला कळणार नाही आणि मला झोप लागणार नाही. मला भीती वाटते. रागानं लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय असं समजू नकोस.

गुरुवारी दहाला माझी सहामाही तपासणी आहे. साडेदहाची वेळ नर्सनं मोकळी ठेवली आहे. कुणासाठी, ते तिनं विचारलं नाही. वहिनींना मी काही सांगणार नाही, तसली धमकी मला देता येत नाही. पण त्यांचा पुन्हा फोन आला, तर पाठ धरली असेल हे माझ्या तोंडून निघणार नाही.

ये. दोन खुर्च्या सोडून बसू नकोस.

या वर्षीच्या फॉर्मवर मी 'हो'वर खूण केली आहे. त्याच्याच खाली एक ओळ असते, साथीदाराची तपासणी झाली आहे का. ती मी गुरुवारपर्यंत रिकामी ठेवली आहे.

तुझा,
लांब्या