सफरचंदांना मेणाचे दोन हात

४ सप्टेंबर
आजपासून नियमित लिहिणार. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. आमच्या गिरणीत सूर्यफुलाचं तेल साफ केलं की खाली मेणचट गाळ उरतो. सगळे फेकतात. मी डबा भरून घरी आणला. फळाला फासला की हवा बंद, सडणं बंद.

५ सप्टेंबर
गिरणीतल्या केमिस्ट बाईंना सांगितलं. म्हणाल्या, मेण शुद्ध करून घ्या, थर अगदी पातळ द्या, तोडलेलं फळही श्वास घेतं. आधी चार फळांवर करून बघा. शिकलेली माणसं घाबरटच.

७ सप्टेंबर
ताईला पटवलं. भावजी गेल्यापासून सफरचंदाची बाग ती एकटी ओढते. माल महिनाभर टिकला तर व्यापारी दरवर्षी घेणार, नाहीतर बाग विकायची. म्हणाली, तू गिरणीत आहेस, तुला कळतं. मी तिथे गेटवर गाड्यांची नोंद करतो, हे ती विसरली असावी. आठवण करून दिली नाही.

९ सप्टेंबर
सगळ्या फळांना मेण लावून झालं. एक हात पुरला असता, पण सख्ख्या बहिणीचं काम, म्हणून दोन दिले. पाठ धरली. ताईची. मी मार्गदर्शन करत होतो.

१८ सप्टेंबर
फळं काय चकाकताहेत! ताई म्हणाली, एक कापून बघू. नको म्हटलं. विश्वास म्हणून काही असतो.

२६ सप्टेंबर, सकाळ
शेडमध्ये दारूसारखा वास. ताईला सांगितलं, फळ मुरतंय. केमिस्ट बाईंना विचारणार होतो, पण आता कोणत्या तोंडाने विचारू? उद्या बघू.

३ ऑक्टोबर
विचारलं नाही. बाई कामात होत्या. थोड्या कमी कामात असत्या तरी विचारलं नसतं. व्यापाऱ्यापुढचं भाषण मात्र पाठ झालंय.

९ ऑक्टोबर
व्यापारी आला. पेटी उघडून खूश झाला. मग एक फळ कापलं. आत तपकिरी लगदा. दुसरं, तिसरं, दुसऱ्या पेटीतलं, तेच. विचारलं, हे कुणी केलं?

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ताई म्हणाली, चूक माझी, तोडायला उशीर झाला. व्यापाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, असंच ना?

मी मान डोलावली.

तो गेल्यावर ताई पेट्या बाहेर ओढायला लागली. मला म्हणाली, हात धू, जेवून घे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवलो.