शेंगदाण्याचा प्रिंटर, तिळाचा प्रिंटर

३ जुलै, गुरुवार

पुन्हा तेच! लाईट गेली, आली आणि शेंगदाण्याच्या कॉम्प्युटरनं तिळाचा प्रिंटर पळवला.

चिक्कीच्या या कारखान्यात खरा कॉम्प्युटर एकच. त्याच्या पोटात सॉफ्टवेअरनं बनवलेले दोन आभासी कॉम्प्युटर — एक शेंगदाणा चिक्कीची लेबलं काढतो, दुसरा तिळाची. दोघांना आपापल्या पॅकिंग टेबलावरचा प्रिंटर थेट जोडून दिलेला, पण चालू होताना मशीन जो नंबर देईल त्या नंबरानं. मशीन बंद होऊन चालू झालं की दर वेळी नंबरांची अदलाबदल! आणि तुंगार्लीत पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा?

शेंगदाणा सोसत नाही अशा माणसानं तिळाचं लेबल बघून डबा उघडला तर? जिवावरच बेतेल. लेबल इंग्रजीत, मुंगीएवढं; पॅकिंगला कुणाला वाचता येत नाही. मी इथं कॉम्प्युटरच्या कामावर लागून सहाच आठवडे झाले, पण इतकी वर्षं तक्रार कशी नाही? नवलच.

ही खोड मी मोडणार म्हणजे मोडणार.

५ जुलै

प्रिंटर नंबराऐवजी मॉडेलच्या नावानं बांधून पाहिले. फजिती! प्रिंटर एकाच मॉडेलचे, दोन्ही एकाच कॉम्प्युटरकडे गेले. पॅकिंगच्या मुकादम रतनबाई हसत सुटल्या. "ताई, जुळ्यांना आडनावानं हाक मारली तर दोघंबी येनारच की!"

खरंय. डोकं माझ्यापेक्षा त्यांचं चालतं.

८ जुलै, मंगळवार

प्रत्येक प्रिंटरला स्वतःचा असा, कधी न बदलणारा एक अनुक्रमांक असतो. त्यानंच बांधलं. बायका जेवायला गेल्यावर मेन स्विच दहा वेळा पाडला. दहाही वेळा प्रिंटर आपापल्या घरी!

मालकांना, सुहाससरांना सांगितलं. "बरं," म्हणाले. नुसतं बरं?! जाऊ दे. पॅकिंगला सांगायची गरज नाही, त्यांच्या कामात काही बदल नाही.

११ जुलै, शुक्रवार

लाईट गेली, आली. प्रिंटर जागच्या जागी! दोन तुकडे चिक्की खाल्ली.

१४ जुलै, सोमवार

पुण्याहून फोन. शुक्रवारी भरलेला डबा. लेबल तिळाचं, आत शेंगदाणा. सहा वर्षांची मुलगी, घसा सुजला, दवाखान्यात नेली. आता बरी आहे.

सगळा माल परत मागवला. नोंदी तीनदा तपासल्या — प्रिंटर बरोबरच होते. तसं लिहून दिलं: 'यंत्रणेत दोष नाही. चूक पॅकिंगची.' सरांनी रतनबाईंना घरी पाठवलं.

१५ जुलै

राहवेना. रतनबाईंच्या घरी गेले.

"लाईट गेली की टेबलं बदलायची, ताई. तुमच्या जागेवर आदी कैलासभाऊ हुते, त्येंनीच सांगितलं हुतं. शेंगदाणावाल्या तिळाच्या टेबलावर, तिळवाल्या शेंगदाण्याच्या. पुन्यांदा गेली की माघारी. चार वर्सांत एक डबा चुकला न्हाई. शुक्रवारी बी बदललीच की!"

प्रिंटर हलले नव्हते. बायका हलल्या.

मी म्हटलं, मी ते दुरुस्त केलं होतं. त्यांनी चहा पुढं केला. "मग आमाला का न्हाई सांगितलं?"

कप तसाच खाली ठेवला. लाज वाटली, नुसती लाज.

१६ जुलै

परवा सरांना दिलेला तो कागद मागे घेतला. नवा दिला. 'चूक माझी. रतनबाई नेमून दिल्याप्रमाणेच वागल्या.' खाली सही.

"यशोधरा, काय लिहून देतेयस कळतंय का तुला?" सर म्हणाले.

कळतंय. लेबलंही आता मराठीत, ठसठशीत. संध्याकाळपर्यंत करून मगच उठले.

१८ जुलै, शुक्रवार

हजेरीपटावर रतनबाईंचं नाव परत आलं. माझ्या नावावर रेघ.