सोजराबाईचे चाक कमानीवरून उतरवण्याबाबत

मी चिमाजी अर्जुन सुतार, धंदा बैलगाड्यांची चाके करणे, वय वर्षे बहात्तर, राहणार चिंचवड, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. अक्षर वाकडे आले ते वयाने, आणि थोडे रागाने.

कलम १. राहते घर मुलगा ज्योतीराम यास, पण अटीवर. शेजारची सोजराबाई विधवा असून पिंपरीला भाजी विकते. तिच्या गाडीचे चाक मोडले म्हणून मी नवे केले. मीरासाहेब लोहाराने भट्टीत लाल केलेली धाव, म्हणजे लोखंडी कडे, त्यावर चढवली, अख्ख्या आळीने पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी चाक गायब! आगगाडी येऊन शंभर वर्षे झाली म्हणून गावाने सोहळा मांडला होता आणि आमचे चिरंजीव समितीचे चिटणीस. त्यांनी ते चाक पिवळे रंगवून स्टेशनाच्या वाटेवरच्या कमानीवर ठोकले. खाली पाटी: ‘गेल्या शतकाची निशाणी’.

मला शाल पांघरून व्यासपीठावर बसवले. भाषणांत आगगाडी, तार, पूल, कारखाने, सगळे आले. कबूल, शंभर वर्षांत पुष्कळ झाले. पण स्टेशनापर्यंत कांदा काय उडत आला? मी ओरडलो, “आरं, ते बाईचं चाक हाय!” कर्ण्यापुढे माझे कोण ऐकतो? लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी ज्योतीराम म्हणाला, “तात्या, आता रबरी टायरचा जमाना. त्ये चाक इतिहास झालं.”

अरे, त्या चाकाला अजून रस्त्याची धूळ लागली नाही, आणि इतिहास? नव्या शतकात जायला माझी ना नाही. पण बाईची गाडी दगडावर टेकवून कसले जाता? ती डोक्यावर पाटी घेऊन पिंपरीपर्यंत चालते आणि परतताना विचारते, “तात्या, कवा उतरंल वो?” मला तिच्यापुढे तोंड वर करवत नाही. दुसरे करून द्यावे तर त्या एका चाकातच हात गेले, आता लाकूड तासायला वाकस हातात टिकत नाही.

तरी ज्योतीरामने ते चाक स्वतः उतरवून, वंगण घालून, तिच्या गाडीला बसवावे. मग घर त्याचे. माझ्या तेराव्यापर्यंत न बसवल्यास घर मुलगी इंदू हिचे.

कलम २. वाकस, पटाशा, रंधे मीरासाहेबास. हल्ली तो गाड्यांना टायर बसवतो, ते मला मुळीच आवडत नाही. पण हत्यारे वापरील तरी. समितीने प्रदर्शनाला मागितल्यास देऊ नयेत.

कलम ३. शाल समितीच्या अध्यक्षांना परत. टोचते. पोस्टातली शिल्लक इंदूस.

कलम ४. सदर चाक माझ्या मिळकतीत धरू नये. साक्षीला आलेले बबनराव म्हणाले, “सोजराबाईला साक्षीला घेऊ नका. जिला काही मिळतं तिची साक्ष चालत नाही.” मी म्हणालो, “चालंल की. तिला मी काय बी देत न्हाई. तिचंच हाय त्ये.”

सही: चिमाजी अर्जुन सुतार
साक्षीदार: बबनराव, निवृत्त पोस्टमन (सही)
सोजराबाई, भाजीविक्री (डाव्या हाताचा अंगठा)
चिंचवड, ३ ऑगस्ट १९५८