हातातलं की पडद्यातलं

बाराओना,
९ सप्टेंबर २००३

प्रिय चेंचो,

अनेक आशीर्वाद. तू सुखरूप पोचलास हे फिदेलिनाच्या दुकानात कळलं. घरी कळवायचं तुला सुचलं नाही, पण असो. आम्ही दोघी बऱ्या आहोत. वीज जेवायच्या वेळेला जाते आणि झोप लागली की येते. मागच्या दारचं अवोकाडोचं झाड यंदा इतकं लदबदलंय की शेजारपाजारचे रोज पिशव्या घेऊन हजर. आईची भूक चांगली आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

काल तुला फोन केला तर तू म्हणालास, "आईला विचार, बोकडाशी बोलायची इच्छा आहे का," आणि ठेवून दिलास. कार्डावर बोलणं शिल्लक होतं, मी मात्र तशीच रिसीव्हर धरून उभी. फिदेलिना काउंटरमागून बघत होती. म्हणून लिहायला बसले आहे. कागद तरी मध्येच ठेवून देता येत नाही तुला. फाडशील फार तर.

आधी तुझ्या जुन्या पत्राबद्दल बोलते, ज्याच्यामुळे हे सगळं झालं. चॅनेलवाल्यांना तू लिहिलेलं पत्र तिथल्या एका मुलीने मला फोनवर वाचून दाखवलं होतं. वाचता वाचता हसत होती. "रविवारी दुपारी सगळी गल्ली एका टीव्हीपुढे जमायची. 'हातातलं की पडद्यातलं' सुरू झालं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. माझ्या आईने चूल सोडून पडदा निवडला आणि आम्हाला बोकड मिळाला. आमच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस."

छान लिहिलंयस. खोटं नाही. मलाही आठवतं ना! फिदेलिनाच्या आईच्या खिडकीला आपण चिमण्यांसारखे लटकलेलो असायचो. ती खोबऱ्याच्या वड्या विकायची, आणि जो विकत घेईल त्याला आत फरशीवर जागा. पोलिबियो पांढऱ्या सुटात यायचा, मिशी पुसायचा आणि विचारायचा, "हातातलं की पडद्यातलं?" आणि आख्खी गल्ली त्या डबड्यावर ओरडायची, जसं काही त्याला ऐकूच जातंय. हातातलं सोडलं की पडद्यामागून कोणाला घड्याळ निघायचं, कोणाला मोटारसायकल, कोणाला कोबीचा गड्डा. मीही ओरडायचे. माझाही घसा बसायचा.

पण तू सहा वर्षांचा होतास, चेंचो. मी तेरा. तुला बोकड आठवतो, मला चूल आठवते. गॅसची, चार बर्नरची, खाली भट्टी असलेली, पांढरी शुभ्र. आईने तिच्यावर हात ठेवला होता आणि स्पष्ट म्हणाली होती, "मला हीच हवी." स्टुडिओभर लोक "पडदा! पडदा!" करायला लागले. तरी ती हलली नाही. मग बाबा खुर्चीवर चढले. चढले, अक्षरशः! "एल्पिदिया, अगं वेडी का काय, मोटार असेल मोटार!" तिने बाबांकडे पाहिलं, चुलीवरचा हात काढला आणि म्हणाली, "बरं, पडदा."

बोकडाच्या शिंगाला लाल फीत बांधली होती. पोलिबियोने दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "दोन्या बाईसाहेब, चूल नाही तर नाही, रश्श्याची तरी सोय झाली!" सगळा देश हसला. आपण तो बोकड बसच्या टपावर घालून घरी आणला, तू त्याचं नाव पोलिबियो ठेवलंस, आणि नाताळात त्याला कापला तेव्हा तू ताटावरून उठून गेलास. ही झाली तुझी गोष्ट. त्यापुढची कितीतरी वर्षं आई कोळशावर रांधत होती, ती गोष्ट टीव्हीवर सांगण्यासारखी नाही. कोळसा मी आणायचे. बाजारात बायका हाक मारायच्या, "काय गं बोकडाची पोर, रस्सा उरलाय का?" बाबा जाईपर्यंत आईने त्यांना त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. असं मला वाटतं, तिला नाही.

तर त्या मुलीचा फोन आला, की कार्यक्रमाला इतकी वर्षं झाली म्हणून जुन्या स्पर्धकांना बोलावतोय, आईला घेऊन या. मी नाही म्हटलं. दोनदा. आईने ऐकलं आणि म्हणाली, "जाऊया की." मी म्हटलं, "आई, परत हसायला बोलावतायत." तर म्हणते, "हसू देत. त्यांच्याकडे माझी चूल राहिलीय."

तू पडद्यामागे असणार हे मला कोणी सांगितलं नाही. तूही नाही! एक फोन, चेंचो. "ताई, मी येतोय, कोणाला बोलू नकोस," एवढंच म्हणाला असतास, तर हे काहीच झालं नसतं. पण नाही, तुला सरप्राइज द्यायचं होतं. तू लहानपणापासून असाच. सात वर्षं यायचं नाही, मग एक दिवस भला मोठा टीव्ही पाठवायचा. त्याआधी ते मसाज करणारं यंत्र, ज्याचा प्लग इथल्या भिंतीत बसत नाही. मी तुझ्या खोक्यांना कंटाळलेय. खरंच सांगते, कंटाळलेय.

आता तुला जे दिसलं नाही ते सांगते, कारण तू पडद्याच्या आत होतास.

आईला त्या मुलीने कोपराला धरून स्टेजवर नेलं. मला प्रेक्षकांत बसवलं, "घरच्यांनी वर यायचं नाही, ताई." मी म्हटलं मला तिच्यासोबत राहू द्या, तर म्हणे कॅमेऱ्यात येता तुम्ही. तो नवा सूत्रसंचालक, तेल लावलेल्या केसांचा, आईला चुलीपाशी घेऊन गेला. आईने चुलीवर दोन्ही हात फिरवले. सगळी बटणं चाचपली. खाली वाकून भट्टीचं दार उघडलं, आत हात घातला, मग बंद केलं. लोकांना वाटलं म्हातारी नाटक करतेय, टाळ्या पडल्या.

"दोन्या एल्पिदिया, हातातलं की पडद्यातलं?"

"चूल."

"अहो, पण पडद्यामागे असं काही आहे, ज्याच्यासाठी आई जीव टाकते!"

"पोरा, मागच्या वेळीही असंच म्हणाले होते. बोकड होता."

लोक हसून हसून कोसळले. त्याच्या कपाळावरचा घाम मला तिसऱ्या रांगेतून दिसत होता. लोक "पडदा! पडदा!" ओरडायला लागले, अगदी तसंच. माझ्या शेजारची बाई तर पाय आपटत होती. आणि आई, चुलीवर हात ठेवून: "मला बहिरी समजता का? चूल म्हटलं ना." मला इतका अभिमान वाटला की मी उभी राहिले. तू आत आहेस हे माहीत असतं तर मी तेव्हाच धावत गेले असते.

मग त्याने "चूलही तुमची आणि पडदाही उघडूया" म्हणून पडदा ओढला. तू होतास. क्रीम रंगाचा सूट, हातात फुलं, दोन्ही हात पसरलेले. वजन वाढलंय तुझं. मी तोंडावर हात ठेवला. बँड वाजायला लागला, लोक रडायला लागले. आणि आई बँडच्या दिशेला तोंड करून उभी. तुझ्याकडे पाठ.

तू थांबलास. त्यांनी सांगितलं असेल तुला, बोलू नका, आईलाच ओळखू दे. आणि आई त्या पोराला विचारते, "काय निघालं? परत जनावरच का?"

मला माहीत आहे तुझ्या चेहऱ्याचं काय झालं ते. सगळ्या देशाला माहीत आहे. मग तू पुढे येऊन तिला मिठी मारलीस, तर तिने तुला ढकललं, "कोण आहे हा? सोडा मला!" तू रडत होतास, तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यांनी जाहिराती लावल्या. मी स्टेजवर पोचेपर्यंत तू निघून गेला होतास. हॉटेलात विचारलं तर विमानतळावर गेला म्हणाले.

तुला वाटतं तिने टोमणा मारला. सात वर्षांचा हिशेब सगळ्यांसमोर चुकता केला. फिदेलिनालाही तू असंच सांगितलंस, आता सगळी गल्ली म्हणतेय, "बाई फार कडक."

चेंचो, आईला दिसत नाही.

लिहिलं एकदाचं. डावा डोळा चार वर्षांपूर्वी गेला. उजव्याने उजेड-अंधार कळतो, कोणीतरी हललं एवढं कळतं, माणूस कळत नाही. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणतो कोळशाच्या धुराचा काही संबंध नाही. तो शिकलेला आहे, त्याचं बरोबर असेल.

घरात ती भिंतीला हात लावून इतकी सहज चालते की पाहुण्यांना कळत नाही. कॉफी ओतताना कपात बोट बुडवते. तुझी पत्रं मी वाचते, तिची उत्तरं पहिल्यापासून मीच लिहिते, म्हणून तुला अक्षरातला फरक कळला नाही. तिने मला शपथ घातली होती. बाबांच्या कबरीवर हात ठेवायला लावला. "त्याला कळलं तर तो दोन्ही नोकऱ्या सोडून येईल आणि इथे बसून माझ्याकडे बघत राहील. मला कोणी बघत बसलेलं नको." मी म्हटलं, "आणि मी काय करते?" तर म्हणाली, "तू बडबड करतेस. ते चालतं."

अशी मी अडकलेय. तू तिकडून रुसतोस, ती इकडून तोंड मिटते, आणि दोघांच्या मधल्या दारात मी उभी, बेचाळीस वर्षांची. मला मधुमेह आहे, हे तुम्हा दोघांपैकी कोणी विचारलंय का? जाऊ दे.

स्टुडिओच्या बोळात तिने मला विचारलं, "तो माणूस कोण होता गं? नट होता का?" मी सांगितलं. मग तीन तासांची बस. आझुआच्या थांब्यावर मी तिला तळलेलं चीज आणून दिलं, ते तसंच मांडीवर राहिलं. घर जवळ आल्यावर म्हणाली, "अत्तर नवीन लावतो वाटतं. जुनं असतं तर ओळखलं असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण दिसत असतं तरी मी चूलच घेतली असती, ओनेलिया. पोटचा पोरगा काय पडद्यामागे ठेवायची वस्तू आहे?"

मी हसले, मग मला रडू आलं, मग राग आला. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

चूल गुरुवारी आली. स्वयंपाकघराच्या दारातून आत जात नाही. चार बोटं कमी पडतात. ट्रकवाले बैठकीतच ठेवून गेले, सोफ्याला खेटून. आई रोज सकाळी ती पुसते आणि आम्ही जुन्या चुलीवरच रांधतो. सुताराला बोलावलंय, तो उद्या-उद्या करतोय.

खरं काम पुढे आहे. डॉक्टरच्या मते उजव्या डोळ्यात जो काही उजेड उरलाय तो ऑपरेशनने टिकेल, वाढणार नाही. या महिन्याच्या अखेरीला राजधानीतला मोठा डॉक्टर इथल्या इस्पितळात येतोय. नाव घातलंय. आई म्हणते, "मी जाणार नाही, थोडं तर उरलंय, त्याला कशाला हात लावायचा." मी समजावलं, ओरडले, पाद्रींना आणलं. पाद्रींना कॉफी पाजून परत पाठवलं. ती फक्त तुझं ऐकेल. मला हे लिहिताना दात आवळावे लागतात. रोज तिचे केस मी रोलरवर गुंडाळते आणि ऐकते ती तुझं.

तिला मी शपथ मोडली हे सांगणार नव्हते. पण आत्ता लिहिता लिहिता ती आतून येऊन दारात उभी राहिली.

"कोणाला लिहितेस?"

"बँकेला."

"बँकेला कोणी एवढं पेन दाबून लिहितं का? कागद फाटल्यासारखा आवाज येतोय मघापासून."

ती खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"सगळं लिहिलंस?"

"हो, आई."

मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "मग हेही लिही त्या बँकेला. मी त्याला ढकललं नाही. मी एका अनोळखी माणसाला ढकललं. आणि म्हणावं, आईच्या पुढ्यात यायचं तर आवाज देऊन यावं."

एवढं बोलून झोपायला गेली. भिंतीला हात न लावता गेली, मला दाखवायला. कोपऱ्यावर धडकली.

माझा राग गेलेला नाही. तरी ये.

ओनेलिया