बॅटऱ्यांची विश्रांती

२७ सप्टेंबर २००८

सकाळी गोळा पुन्हा तांबड्यात. काचेची नळी बॅटरीच्या पाण्यात बुडवली की आतला गोळा हिरव्यापर्यंत यायला हवा. येतच नाही. काल दिवसभर ऊन होतं — मग करंट गेला कुठे?

सहा घरं, एका गच्चीवरच्या सोलरच्या प्लेटा आणि खाली खोलीत बॅटऱ्या. आवडी गावाच्या पुढे या नव्या प्लॉटांच्या लेआउटमध्ये सरकारी विजेचा खांब कधी येणार, कुणी सांगत नाही. राजसला दम लागला तर तिचं वाफेचं मशीन कशावर चालवायचं? ही काळजी मी, तिच्या नवऱ्याने, एकट्याने करायची. बाकीच्यांना पंखा फिरला की झालं.

२९ सप्टेंबर

समोरच्या व्यासराजशी वाजलं. दोन दिवे आणि एक पंखा, एवढंच ठरलं होतं. याने टीव्ही आणला. म्हणतो, "उमाकांतराव, फॅक्टरीतून रिटायर झालात, ड्यूटीवरून नाही वाटतं. मालिका संपली की बंद करतो." मालिका कधी संपते?

शेजारची अलमेलू मिक्सर लावते. मला तात्ता म्हणते, तमिळमधला आजोबा. तिला बोललो, तर "चटणीला किती करंट लागतो, तात्ता? आता देवाला विचारून वाटू?" बायका हसल्या. राजसही हसली. तिने तरी हसायचं नव्हतं.

१ ऑक्टोबर

ढग. दिवसभर ढग.

२ ऑक्टोबर

राजसने दुपारी मशीन लावलं. मी एवढंच म्हटलं, लवकर आटप हं, संध्याकाळसाठी राहू दे थोडं. तर म्हणते, "मोजून श्वास घेऊ का?"

असं बोलायचं? हिच्यासाठीच तर सगळ्यांच्या शिव्या खातो.

४ ऑक्टोबर

प्लेटा बसवणाऱ्या संस्थेचा यश येऊन गेला. इंजिनियर, पुण्याचा, भरभर बोलतो. म्हणाला, "आजोबा, या बॅटऱ्यांचं पोट कधी भरतच नाही. अशा अर्धपोटी ठेवल्या तर लवकर मरतील. एक पूर्ण दिवस कुणी काही वापरू नका. नुसत्या भरू द्या."

एक पूर्ण दिवस! इथे घटकाभर पंखा बंद करायला कुणी तयार नाही. इंजिनियर सांगून मोकळा. मी सहावीपर्यंत शिकलेला, माझं कोण ऐकतं.

५ ऑक्टोबर

सुचलं. बुधवारी खंडेनवमी, इथली आयुधपूजा आहे.

फॅक्टरीत त्या दिवशी लेथ धुऊन-पुसून गंध लावून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईपर्यंत साहेबसुद्धा हात लावत नसे. इथेही तसंच. घरातल्या सगळ्या यंत्रांना कुंकू, मेन स्विच बंद, बॅटऱ्यांना विश्रांती. कुंकवाला नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

व्यासराजच आधी हो म्हणाला. अलमेलू म्हणाली, "वड्यांची डाळ आदल्या दिवशीच वाटून ठेवते. खूश, तात्ता?"

खूश कसला. होईल तेव्हा खरं.

७ ऑक्टोबर

बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप आणलं. माणसं तोंडावर हो म्हणतात. मालिका उद्याही आहेच.

८ ऑक्टोबर, दुपारी

पूजा छान झाली. बॅटऱ्यांना गंध-कुंकू लावलं, स्विचवर झेंडूचं फूल ठेवलं. राजसच्या मशीनलाही कुंकू लावलं. ती म्हणाली, "हे तरी राहू द्या ना." म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, आणि या दोन-तीन दिवसांत तुला बरं आहे.

गोळा चढतोय. हिरव्याला टेकला! इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

फॅक्टरीत जुन्या लोकांना पूजेचं बोलावणं आहे. जाऊन येतो. किल्ली कमरेला आहे.

८ ऑक्टोबर, संध्याकाळी

इस्पितळाच्या बाकावर लिहितोय.

घरी पोचलो तर दार सताड उघडं, राजस नाही. व्यासराज अंगणातच उभा होता. त्याच्याकडून कळलं, मी निघाल्यावर थोड्याच वेळात तिला दम लागला. तो पहार घेऊन कुलूप तोडायला गेला, तर हिने खाटेवरून हात हलवून अडवलं. बोलता येत नव्हतं तरी म्हणाली — "नको. त्यांची बॅटरी... भरू दे." मग अलमेलूने तिला रिक्षात घालून इथे आवडीच्या इस्पितळात आणलं.

नाकाला ऑक्सिजन लावलाय. धोका टळला म्हणतात. अलमेलू तिच्या उशाशी बसलीय, मला पाहून उठली नाही. "तात्ता, करंट कुणासाठी जपता?"

मी म्हटलं, हिच्यासाठीच.

ती राजसच्या पायांवर चादर ओढत राहिली.

१० ऑक्टोबर

उद्या घरी सोडणार. आमची मुलगी कल्पना शहरातून, तिरुवल्लिकेणीहून आली आहे. लेक असून माझ्याशी जेमतेम दोन शब्द बोलली.

राजसला सांगितलं, बॅटऱ्या काठोकाठ भरल्यात. व्यासराजने आपणहून टीव्ही बंद ठेवलाय. कुलूप काढून टाकलं. आता हवा तेवढा वेळ मशीन लाव, मी काही म्हणणार नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, तिला आनंद झाला.

११ ऑक्टोबर

राजस मशीन घेऊन कल्पनाकडे राहायला गेली. कधी येणार, विचारलं. म्हणाली, "तिथे मशीन लावताना कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही."