आजोळचं रक्त

आई, दुपारपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा पोरीच्या पेटीतल्या लुगड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालायला, एकदा मेतकुटाच्या बरणीला फडकं बांधायला, तिसऱ्यांदा उगाचच. उद्या सकाळी तिला सासरी न्यायला कल्याणहून माणसं येणार आहेत. तू तिला पाहिलंच नाहीस. तुला जाऊन सतरा वर्षं झाली, आणि असतीस तरी तुला कुठे वाचता येत होतं? पण तुझ्यावर माझा राग आहे आणि तो आज मला एका जागी बसू देत नाही.

माझं पहिलं बाळंतपण आठवतं? तळ्याजवळच्या तुझ्या घरात मी बाजेवर पडले आहे, शेगडीचा धूर डोळ्यांत जातो आहे. मुलगा बारा दिवसांचा. ओसरीवर सोनार सोन्याची तार घेऊन बसला आहे. तू स्वयंपाकघरातून तशीच आलीस, डिंकाच्या लाडवांचं तूप हाताला, आणि म्हणालीस, "कान टोचायचे नाहीत." माझ्या सासूबाई चाटच पडल्या. "विहीणबाई, ऐन बारशाच्या दिवशी हे काय काढलंत?" तू म्हणालीस, "नवस आहे माझा. मुंजीपर्यंत याच्या अंगाला सुई लागायची नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सासूबाईंची बाजू घेतली, "आई, कसले गं तुझे नवस? चारचौघांत हसं होईल." तू सगळ्यांदेखत मला म्हणालीस, "तुला काय कळतंय? गप्प बैस." मी गप्प बसले, पण पुढे आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही. आपल्या दादाचेही कान टोचलेले नाहीत, हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दोन वर्षांनी तू गेलीस. सासूबाई म्हणाल्या, नवस करणारी गेली, नवस फिटला. मी का अडवावं? मला तर त्या नवसाची लाजच वाटत होती. सोनार आला, मीच मुलाला मांडीवर धरलं. कान टोचले ते सकाळी, आणि संध्याकाळी अंगरख्याचा खांदा लाल झालेला. हळद झाली, तुरटी झाली, कोळ्याचं जाळं लावून झालं. रक्त धो धो वाहत नव्हतं गं, नुसतं थांबत नव्हतं. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आले. ते ओसरीवर तुझ्या जावयांना विचारत, आणि हे माजघराच्या दारात येऊन मला. "मुलाच्या आईच्या भावांपैकी किंवा तिच्या मामांपैकी कुणाचं रक्त असं वाहिलं होतं का?" मी म्हटलं, माझे दोन मामा, आईचे भाऊ, पोरवयातच गेले, एक दात पडल्यावर आणि एक विळी लागून. दृष्ट लागली असं आई सांगायची.  तेव्हा डॉक्टर म्हणाले, हा रोग बायकांना बाधत नाही, पण त्यांच्या पोटातून मुलग्यांत उतरतो. सगळ्याच मुलग्यांत नाही. मुली तो पुढे नेतात, पण कोणती नेईल आणि कोणती नाही, ते तिच्याकडे पाहून कळत नाही.

सहाव्या दिवशी मुलगा गेला.

तुला डॉक्टरांसारखं कळलं नसेल, पण सुईला भिण्याइतकं कळलं होतं. मग मला एकटीला जवळ घेऊन का नाही सांगितलंस? मी सोनाराला उंबरा ओलांडू दिला नसता. तुला वाटलं असेल, सासरी कळलं तर मला परत धाडतील. धाडलं असतं तर मुलाला घेऊन आले असते.

पोरीचं लग्न ठरवायला कल्याणचे वडीलधारे आले, तेव्हा त्यांनी सगळं खोदून विचारलं. महारोग, क्षय, वेड, फेफरं, तुझ्या जावयांच्या चार पिढ्यांपर्यंत. हे म्हणाले, "आमच्या घराण्यात काही नाही." खोटं नव्हतं ते. माझ्या माहेरचं कुणी विचारलं नाही, आणि तुझ्या माहेरचं तर विचारायची रीतच नाही. मी दाराआड उभी होते. चहाच्या पेल्यांचा आवाज होऊ न देता ते आवरत राहिले.

आता ती आत वेणी घालून घेते आहे, तिची काकू काहीतरी सांगते आणि ती हसते. तिला सांगितलं, तर प्रत्येक बाळंतपणात जीव मुठीत धरून बसेल, कदाचित विनाकारणच. नवऱ्याला सांगून बसली, तर उद्या पेटीसकट परत येईल. आणि नाही सांगितलं, तर तिच्याही ओसरीवर सोनार येईल. मी काय करू, ते तू सांगू शकत नाहीस. तू केलंस ते मला करायचं नाही, एवढंच कळतं.

खरं सांगते, हे पत्र मी तुला लिहायला घेतलंच नव्हतं. तिला यांनी हौसेने वाचायला शिकवलं आहे. तिच्या पेटीत लुगड्यांखाली ठेवायचं म्हणून बसले होते. वर "बाळ" असं लिहिलं. तेवढ्यात आतून तिचं हसणं ऐकू आलं, म्हणून ते खोडलं आणि "आई" लिहिलं.